दोन मीटरची ढांग

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ६.१०

काल भाऊबीज झाली. आजपासून सीझन सुरू. शेवटची रेस पळालो त्याला सात वर्षं झाली. लोक याला ‘खेळ सोडला’ म्हणतात. मी ऑफ-सीझन म्हणतो. ऑफ-सीझन किती लांब असावा याचा नियम कुठेही लिहिलेला नाही.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. फेब्रुवारीपर्यंत ८०० मीटर २ मिनिटं १० सेकंदांत. तळलेलं बंद. ही वही कोणालाही न दाखवणे.

आज उठायला सहा वाजले. बहिणीकडच्या करंज्या अंगावर आल्या. तळलेलं उद्यापासून बंद.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पुष्पांजलीने पोलीस भरतीचा फॉर्म भरला. मला न विचारता. मागच्या भरतीत तिचं ग्राउंड आमच्या हळदीच्या दिवशीच आलं होतं, त्यामुळे ती गेलीच नाही. वयात बसणारी ही शेवटची भरती, म्हणाली. ग्राउंडला ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. त्यात टिकली तर लेखी.

घरात कलर होल्डर असताना बाहेरचा कोच कशाला, असं म्हणून मी जबाबदारी घेतली. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये निवड झाली की ब्लेझर मिळतो. तो ज्याच्याकडे असतो तो कलर होल्डर. अमडापुरात असे दोनच, मी आणि माझा मित्र वकार. मी ४ बाय ४०० रिलेचा राखीव खेळाडू होतो. राखीव म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याला शेवटपर्यंत जपून ठेवतात.

पुष्पांजली ‘बरं’ म्हणाली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ट्रॅकचा प्रश्न होता. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर भरतीच्या पोरांनी पांढऱ्या ऑइलपेंटने शून्य, चारशे, आठशे, सोळाशे लिहून ठेवलंय. पहाटे तिथे पन्नासेक पोरंपोरी पळतात. मला ते पटत नाही. एक तर कोणी मोजलं, कशाने मोजलं, काही पत्ता नाही. दुसरं म्हणजे कलर होल्डरने त्या गर्दीत रेषेवर उभं राहणं बरं दिसत नाही. एखादं पोरगं चुकून पुढे गेलं तर त्याच्याच डोक्यात हवा जायची.

म्हणून आमच्या शेताकडच्या पांदण रस्त्यावर स्वतंत्र ट्रॅक काढला. सुरुवात पाण्याच्या टाकीपासून. टेपची गरज पडली नाही. कॉलेजात सरांनी माझी ढांग मोजली होती, बरोबर दोन मीटर. चारशे ढांगा म्हणजे आठशे मीटर. साधं गणित आहे. पळत मोजत गेलो. दोनशे साठनंतर श्वासाची लय तपासावीशी वाटली, म्हणून उरलेल्या ढांगा चालत मोजल्या. ढांग ती ढांग.

चारशेवी ढांग बरोबर लिंबाच्या झाडापाशी पडली. निसर्गाचाही पाठिंबा दिसतो.

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७

पहिली टाइम ट्रायल. मी ३ मिनिटं २ सेकंद. पुष्पांजली ३.३०.

सात वर्षांच्या गॅपनंतर ३.०२ म्हणजे शरीर काहीच विसरलेलं नाही. पुष्पांजलीला सूचना दिल्या: खांदे सैल, नजर पुढे, तोंड बंद. ती पळताना बोलते. आज निम्म्या रस्त्यात तिने मला सिलेंडरचा नंबर लावला का म्हणून विचारलं. हे शास्त्रात बसत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पुष्पांजलीने विचारलं, हे आठशे तुमी मोजलं कशानं? मी सांगितलं, ढांगेनं. तिने काही वेळ माझ्या पायांकडे पाहिलं. कौतुक असावं. मग ‘बरं’ म्हणाली.

कालपासून ती पहाटे साडेचारला वकारच्या बहिणीकडे, सबीहाकडे, अभ्यासाला जाते. सबीहानेही फॉर्म भरलाय. सहाला परत येते आणि मग माझ्यासोबत ट्रॅकवर. शूज घालून जाते. थंडीमुळे असेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मी २.४१. पुष्पांजली २.४३.

एकदम प्रगती. महिलांना २.५० च्या आत आलं की वीसपैकी वीस मार्क. हे मी तिला सांगितलं. तुझे वीस खिशात, म्हणालो. ती ‘हो का’ म्हणाली आणि पायातला खडा काढत बसली. आत्मविश्वास कमी आहे तिच्यात. त्यावर मी काम करीन.

दुपारी वकारकडे गेलो. बसस्टँडजवळ त्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. एके काळी युनिव्हर्सिटीचा लांब उडीवाला. आता त्याचं पोट सुटलंय आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही. ब्लेझर त्याने म्हणे भाच्याला गॅदरिंगसाठी दिला तो परत मागितलाच नाही. एवढ्या सहज कसं सोडलंस, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, अबे, उडी मारू मारू किती मारशीन? खाली तर यावंच लागते ना.

मला त्याची कीव आली. त्याने चहा पाजला. सोबत भजी होती. दोनच खाल्ली. नंतर तीन.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मी २.३६. पुष्पांजली २.३८.

कृषी केंद्रावर पोचायला सव्वानऊ झाले. मालक हिंमतराव बोलले. दुकान नवाले उघडते, हे तुमच्या ट्रॅकवर कोणी सांगतलं नाही काय? मी म्हणालो, कूल-डाऊन अर्धवट सोडता येत नाही. त्यांनी मला युरियाच्या चाळीस गोण्या गोदामात लावायला सांगितल्या. स्ट्रेंथ ट्रेनिंग आपोआप झालं. बावीस लावल्या, बाकीच्या हमालाने लावल्या.

८ डिसेंबर, सोमवार

मी २.३३. पुष्पांजली २.३५.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. मी कितीही पळालो तरी पुष्पांजली बरोबर दोन सेकंद मागे असते. गेल्या मंगळवारी थंडीमुळे मी जरा आखडलेला होतो, २.५१ लागली, तर तिला २.५३. याला कन्सिस्टन्सी म्हणतात. माझ्या लयीवर ती घडते आहे. चांगला कोच असाच असतो, स्वतः न बोलता शिकवतो. अर्थात मी बोलतोही.

दम मात्र तिला लागत नाही. याचं कारण अजून सापडलेलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

बाबा हरभऱ्याला पाणी द्यायला निघाले होते. आम्हाला पळताना पाहून थांबले. म्हणाले, सूनबाई पळते ते समजते, तिले नोकरी लागंल. तू काऊन पळून राह्यला बे?

मी त्यांना समजावून सांगितलं. खेळाडू हा पेशा नाही, ती ओळख असते. ओळख रिटायर होत नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मंग ओळख घेऊन ये अन् त्या कोपऱ्यातला पाइप सरकव.

पाइप सरकवला. पायात चिखल. दुपारचं सेशन रद्द.

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्ष. नवीन टार्गेट.

२६ जानेवारीला चिखलीला कॉलेजच्या ग्राउंडवर खुल्या गटाची ८०० मीटर दौड आहे. मास्टर्सच्या स्पर्धा पस्तिशीनंतर सुरू होतात, मी एकोणतीस. म्हणजे पोरांसाठी मोठा आणि मोठ्यांसाठी पोर. पण खुला गट म्हणजे खुला गट. नाव दिलं. माझा सध्याचा टाइम २.२९ आहे. रेसमध्ये सात-आठ सेकंद आपोआप कमी होतात. २.२१ धरून चाललो आहे.

हिंमतरावांना, वकारला, दुकानातल्या चार गिऱ्हाइकांना सांगितलं. पुष्पांजलीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, खरंच नाव देल्लं? त्यापेक्षा यंदा नुसतं पाहाले जाऊ. मी म्हणालो, पाहायला प्रेक्षक जातात. तिने पुन्हा भाकरी हातात घेतली. तव्यावरची थोडी करपली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळाचे लाडू म्हणजे एनर्जी. सहा.

पुष्पांजलीचं ग्राउंड १० फेब्रुवारीला, बुलढाण्यात. हॉल तिकीट आलं. तिने ते देवाजवळ ठेवलं नाही. पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक उशाशी.

२५ जानेवारी, रविवार

ब्लेझरला इस्त्री केली. वर्मअपला तोच घालणार. समोरचं बटण लागत नाही. आखडलाय. धुतला कधीच नाही, पण कापड जुनं झालं की आखडतंच.

२६ जानेवारी, सोमवार. दुपारी ३

झेंडावंदनानंतर रेस झाली. नऊ जण होतो.

नोंद ठेवली पाहिजे म्हणून लिहितो. पहिला राउंड ठीक. दुसऱ्या राउंडमध्ये ट्रॅक संपेना. मी एकटाच राहिलो तेव्हा माइकवरच्या माणसाने, आपल्या ज्येष्ठ खेळाडूसाठी जोरदार टाळ्या, असं जाहीर केलं. मला वाटलं कोणी पाहुणा आलाय. मी मागे वळून पाहिलं. त्यात वेळ गेला.

३ मिनिटं ४४ सेकंद.

कारण उघड आहे. ट्रॅक मोठा आहे. आयोजकांना मी तसं स्पष्ट सांगितलं. मोजून दाखवा म्हणालो. त्यांनी टेप आणला. वकार सोबत होता, त्याने एक टोक धरलं. चारशे मीटर. पुन्हा मोजायला लावलं. चारशे मीटर. बक्षीस वितरण पंचवीस मिनिटं खोळंबलं. माइकवाला तोवर देशभक्तिपर गाणी लावत होता.

पुष्पांजलीने परतीच्या गाडीत पाण्याची बाटली दिली.

२८ जानेवारी, बुधवार. सकाळी ८.३०

वकार कॉलेजातून टेप मागून घेऊन आला. म्हणाला, चाल, तुहा ट्रॅक पाहू. पुष्पांजली दळण आणायला गेली होती. पाण्याच्या टाकीपासून लिंबाच्या झाडापर्यंत मोजलं.

सहाशे बारा मीटर.

वकारने विचारलं, हे तू मोजलं होतं कशानं? म्हणालो, ढांगेनं. त्याने टेप गुंडाळत विचारलं, कोणाच्या?

  वकार हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं.

सकाळी ११, दुकानात

आत्ता बियाण्याच्या पाकिटांवर किमती लावताना लक्षात आलं. पुष्पांजलीचे २.३१ हे सहाशे बाराचे आहेत. आठशेला किती होतील याचा हिशोब बिलाच्या मागे केला. ३.१७. तेवढ्याला पाच मार्क मिळतात. वीस नाही, पाच. ती बाद होईल. शेवटची भरती, आणि मी तिला अडीच महिने खिशात वीस मार्क आहेत म्हणून सांगत आलो.

पुढच्या सगळ्या पाकिटांवर एकच किंमत लावली. हिंमतरावांनी घरी जा म्हणून सांगितलं. गेलो नाही. घरी ती असते.

२९ जानेवारी, गुरुवार

रात्रभर विचार करून ठरवलं की तिला सांगायचं नाही. ग्राउंडच्या तोंडावर खेळाडूचं मानसिक संतुलन बिघडवणं कोचिंगच्या तत्त्वात बसत नाही.

त्याऐवजी योजना. १८८ मीटर कमी पडतात. हातात बारा दिवस आहेत. रोज सोळा मीटर. लिंबाच्या झाडाच्या पुढे फिनिशला एक दगड ठेवायचा आणि तो रोज गुपचूप सोळा मीटर पुढे सरकवायचा. शरीराला कळणारसुद्धा नाही. दहा तारखेला ती बरोबर आठशे पळत असेल. इतकी साधी आणि वैज्ञानिक योजना मला याआधी कधी सुचली नव्हती.

झाडापाशीच एक चुना लावलेला चांगला दगड मिळाला. तो घेतला.

३१ जानेवारी, शनिवार

६६० मीटर. योजना शेड्यूलवर. पुष्पांजली दगड पाहून म्हणाली, झाड होतं ना? मी म्हणालो, झाडाची सावली पडते, टायमिंग चुकतं. ती ‘बरं’ म्हणाली. मी २.५८. ती ३.००.

२ फेब्रुवारी, सोमवार

६९२ मीटर. डावी मांडी धरली. उद्यापासून मी फक्त घड्याळ घेऊन उभा राहीन. पुष्पांजली म्हणाली, मंग मी सबीहासंग जाते, तुमी आराम करा. मी ठाम नकार दिला. एकटीने इथेच पळ म्हणालो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

७०८ मीटर. पुष्पांजली एकटी पळाली. २.३२.

घड्याळ बिघडलंय. वकारला दाखवायचं.

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी १०

दुकानात गेलो नाही. कारण मोठं आहे.

सकाळी आठला जानराव काका दारात. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून. हातात कुऱ्हाडीचा दांडा. बाहेरूनच ओरडले, पुंजाजी, बाहेर ये, धुरा कोरून राह्यला काय? बाबा तोंड धुवत होते, तसेच बाहेर आले. म्हणाले, माह्या बापानं कधी कोणाचा धुरा कोरला नाही, अन् मी कोरीन?

मी घेतलेला दगड हा आमच्या आणि त्यांच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, हद्दीचा दगड होता. चुना त्यासाठीच लावलेला होता. गेल्या सहा दिवसांत आमचं शेत शहाण्णव मीटरने वाढलं होतं आणि जानराव काकांच्या विहिरीपाशी पोचलं होतं.

गल्लीतले पंधरा-वीस जण जमले. सरकारी मोजणी आणायची भाषा झाली. जुनी भांडणं निघाली, कोणाच्या तरी बैलाचाही विषय निघाला. आई मधे पडली. मी पुढे होऊन शांतपणे म्हणालो की रानडुकरांनी हलवला असावा. जानराव काका म्हणाले, डुक्कर रोज सरळ रेषेत सोळा पावलं सरकवते काय रे दगड? अन् मोजून?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांना कळलं होतं असं वाटतं. मी कबूल केलं असतं. पण कबूल केलं तर का सरकवला हेही सांगावं लागणार, आणि पुष्पांजली शेजारीच उभी होती. 

तेव्हा पुष्पांजली म्हणाली, काका, दगड म्या हालवला. पळायची खूण पाह्यजे होती. धुऱ्याचा हाय हे मले समजलं नाही. चुकलं माह्यं.

जानराव काका म्हणाले, पोरगी पोलीस व्हायची बाकी हाय अन् आत्ताच जमिनी लाटून राह्यली. लोक हसले. काकांनी चहा घेतला. मी आणि बाबांनी दगड परत जागेवर नेऊन बसवला.  बसवून झाल्यावर बाबा म्हणाले, भली बाई भेटली तुले.

दगड मी हलवतो हे तिला कसं कळलं, कळत नाही. बायकांना अंदाज असतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज सांगतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल तिचं डोकं दुखत होतं. आज सांगतो.

संध्याकाळी. तिच्या हाताला मेंदी लावायला सबीहा आली होती. ग्राउंडला मेंदी कशाला, असं मी विचारलं. सबीहा म्हणाली, भाऊ, नशिबाले लागते. मेंदी लावताना कोणाला वाईट बातमी सांगू नये.

७ फेब्रुवारी, शनिवार

घाबरतो आहे. हे लिहून ठेवतो, कारण ही वही कोणी वाचत नाही. नोकरी गेली तर ती रडणार नाही, हे मला माहीत आहे. ती भाकरी थापेल. मागच्या वेळी हळदीच्या अंगाने तिचं ग्राउंड गेलं तेव्हाही ती मला काही बोलली नव्हती. हे दुसऱ्यांदा माझ्यामुळे होणार.

उद्या नक्की.

८ फेब्रुवारी, रविवार

नाही जमलं.

९ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६, बुलढाणा

दुपारच्या बसने आलो. पुष्पांजलीची मावशी, विमलबाई, यांच्याकडे मुक्काम. उद्या पहाटे ग्राउंड.

बसमध्ये ती खिडकीशी होती. चिखली सुटल्यावर तिने पिशवीतून बोरं काढली. तिसरं बोर खात असताना मी सांगितलं. एका दमात सांगितलं. ट्रॅक सहाशे बारा मीटरचा होता. माझी ढांग चुकली. तुझे वीस मार्क खोटे आहेत. दगड मीच सरकवत होतो.

तिने बी खिडकीबाहेर टाकली. म्हणाली, मले माहीत हाय.

कधीपासून? म्हणाली, तुळशीच्या लग्नापासून. सबीहासंग डांबरी रस्त्यावर पळून पाह्यलं, तेथं साडेचार लागले. तुमच्या झाडापर्यंत साडेतीनच लागत होते. तवाच समजलं.

म्हणजे ती रोज साडेचारला अभ्यासाला जात नव्हती. गोळाही तिथेच शिकली. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषेवर तिचे आता दोन बावन्न, कधी दोन एक्कावन्न येतात. उद्या दोन पन्नास यायले पाह्यजे, म्हणाली.

मी विचारलं, मग माझ्या दोन सेकंद मागे कशी? ती म्हणाली, जास्त मागं राह्यलं का तुमी थांबून भाषन देत होते. पुढं गेलं असतं तर तुमी पळनं सोडलं असतं. दोन बरोबर होते.

 कंडक्टर येऊन गेला. मग मी विचारलं, पहाटे तासभर पळून आल्यावर परत सहाला माझ्यासोबत काऊन यायची?

म्हणाली, तुमी एकटे पळाले असते.

आणि तिने उरलेली बोरं माझ्या हातावर ठेवली.

१० फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.२०

ग्राउंडच्या भिंतीबाहेर. आत फक्त उमेदवार. बाहेर आम्ही दोनएकशे माणसं. आया, भाऊ, नवरे. प्रत्येकाच्या हातात कोणाच्या तरी चपला. माझ्याही. भिंत उंच आहे, दिसत काहीच नाही. शिट्टी वाजली की घड्याळ लावत होतो. शिट्ट्या दर पाच मिनिटांनी वाजतात. सहा वेळा लावलं, सहा वेळा शून्य केलं. तिची शिट्टी कोणती ते कळलं नाही.

शेजारी एक बाई आहेत, त्यांची मुलगी आत आहे. त्यांना मी सांगायला लागलो की आठशेला पहिला राउंड जपून पळायचा असतो. मग मधेच गप्प झालो. त्या म्हणाल्या, सांगा ना. मी म्हणालो, मला नक्की माहीत नाही.

१०.४५

आली. दोन अठ्ठेचाळीस. वीसपैकी वीस. शंभर मीटर आणि गोळा धरून बेचाळीस. फाटकातून बाहेर आली तेव्हा लंगडत होती, चेहरा पांढरा, मेंदीत माती गेलेली. फुटपाथवर बसली आणि चपला मागितल्या.

मला फार आनंद झाला. आणि त्याच वेळी तिचा हेवाही वाटला.  तिला भिंतीच्या आत जाता आलं, मला नाही. हे लिहायची लाज वाटते, पण खरं आहे. तिने उलटी केली. मी पाठ चोळली. मग दोघांनी पोहे खाल्ले. तिने दोन प्लेट.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८.१५

यादी लागली. पुष्पांजलीला लेखीचं बोलावणं आलं. सबीहालाही. गल्लीत पेढे वाटले. जानराव काका स्वतः येऊन घेऊन गेले. परीक्षा होईपर्यंत पळणं बंद, असं पुष्पांजलीने जाहीर केलं. पहाटेपासून ती पुस्तक घेऊन बसते.

आज सहाला उठलो. शूज घातले. ती पानावरून बोट न काढता म्हणाली, पाय जपा.

पांदण रस्त्याकडे वळलो नाही. डांबरी रस्त्यावर गेलो. पोरं होतीच. शून्याच्या रेषेवर उभा राहिलो तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, काका, जरा कडेनं. कडेला झालो. त्यांची तुकडी पुढे गेली. मग निघालो. चारशेपर्यंत पळालो. साडेपाचशेला चालायला लागलो. मधे एकदा सवयीने मागे पाहिलं. रस्ता मोकळा होता. आठशेची रेषा चालत ओलांडली.

४ मिनिटं १९ सेकंद.

घरी आलो तर पुष्पांजलीने विचारलं, किती? मी खरी वेळ सांगितली. तिने पहिल्यांदा पुस्तक मिटलं. माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळूच म्हणाली, कोणाले सांगू नका.

नाही सांगणार.